डोडीताल : आत्या, दुर्वा आणि न फुटलेला एक मोदक

गणपतीचा जन्म कुठे झाला यावर आमच्या घरात कधी वाद नव्हता. लेण्याद्रीला. पार्वतीने तिथल्या गुहेत तप केलं, म्हणून तो गिरिजात्मज, विषय संपला. त्यामुळे उत्तरकाशीच्या वर जंगलात एक तळं आहे आणि तिकडचे लोक म्हणतात गणपती तिथे जन्मला, असं मी सांगितलं तेव्हा आत्याचा पोह्यांवर खोबरं पेरणारा हात थांबला.

"तळ्याकाठी?"

"हो."

"किती चालायचं?"

"बावीस किलोमीटर. एका बाजूने."

"मग दिवाळीच्या आधी जाऊन येऊ. नंतर फराळात अडकेन मी."

आत्या एकसष्ट वर्षांची, साताऱ्याची. रोज पहाटे अजिंक्यतारा चढते आणि साडेसातला घरी येऊन दूध तापवते. मी पुण्यात चौथ्या मजल्यावर लिफ्टने जाते. तरीही निघण्याआधी महिनाभर मी तिलाच सूचना देत होते : गुडघ्याला पट्टा घे, बूट आधीपासून वापर, पाणी पीत राहा. तिने सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःच्या पिशवीत स्वतःला हवं तेच भरलं. त्यात आंबेमोहोराची पिठी, गुळाची ढेप आणि ओल्या पंचात गुंडाळलेल्या परसातल्या एकवीस दुर्वा होत्या, हे मला देहरादूनला कळलं.

दिवस पहिला : देहरादून ते उत्तरकाशी

देहरादूनहून उत्तरकाशी दीडशे किलोमीटरच्या आतच आहे, पण दिवस जातो. मसुरीच्या बाजूने वर चढायचं, मग चिन्यालीसौडला उतरायचं. टिहरी धरणाच्या जलाशयाचं शेपूट तिथपर्यंत येतं. तिथून पुढे भागीरथी सोबत असते. शेअर जीप आणि बस सकाळी लवकर सुटतात, दहानंतर स्टँडवर आलात तर दिवस गेला समजा. वळणं लागत असतील तर गोळी चढायच्या आधी घ्या, चढल्यावर घेऊन उपयोग नाही. मी चढल्यावर घेतली.

उत्तरकाशी साधारण साडेअकराशे मीटरवर, नदीकाठी दाटीने वसलेलं गाव. डोक्यावर वरुणावत पर्वत. 2003 साली याच डोंगराची दरड बाजारावर आली होती. तिच्यानंतर बांधून काढलेला उतार गावातून कुठूनही दिसतो. संध्याकाळी विश्वनाथाच्या देवळात गेलो. समोरच शक्तीचं देऊळ, आत भलामोठा त्रिशूल. लोक सांगत होते की सगळं अंग लावून ढकललं तर हलत नाही, एका बोटाने हलतो. आत्याने एक बोट लावून पाहिलं. हलला का, ते तिने मला सांगितलं नाही.

बाहेर पूजेच्या दुकानात तिने एक नारळ घेतला. हलवून, कानाशी धरून, तीन परत करून चौथा. दुकानदाराने विचारलं, "माताजी, चढाना है या खाना है?" आत्या म्हणाली, "दोन्ही."

उत्तरकाशीच्या पुढे एटीएम विसरा. रोख पैसे इथेच काढा, ओळखपत्राच्या दोन-तीन झेरॉक्स इथेच काढा, वनखात्याच्या परवान्याची चौकशीही इथेच करून घ्या.

दिवस दुसरा : संगमचट्टी, मग अगोडा

गंगोरीला अस्सीगंगा भागीरथीला मिळते. तिथून जीप मुख्य रस्ता सोडून अस्सीगंगेच्या दरीत शिरते. ही नदी निघते डोडीतालातून. म्हणजे पुढचे दोन दिवस आम्ही जे पाणी डावी-उजवीकडे ऐकत चालणार होतो, ते तळ्याचंच होतं. दरीत अजूनही मोठाले पांढरे धोंडे विस्कटून पडलेले आहेत. 2012च्या ऑगस्टमधल्या पुराने आणलेले. त्या रात्री गंगोरीचा पूलही गेला होता. जीपचा चालक ते सांगताना गाडी हळू करत नव्हता, म्हणून मी धोंड्यांकडे कमी आणि रस्त्याकडे जास्त पाहिलं.

संगमचट्टीला आमचा वाटाड्या भेटला. अगोड्याचाच, बावीस-तेवीस वर्षांचा. मी सारखी "आत्या, सावकाश", "आत्या, इकडे बघ" करत होते, तर त्याला वाटलं हे तिचं नाव. त्या क्षणापासून ती "आत्याजी" झाली आणि शेवटपर्यंत राहिली. धाकट्या भावाला गढवालीत भुला म्हणतात हे आत्याने पहिल्या अर्ध्या तासात काढून घेतलं, त्यामुळे तोही भुला झाला. त्याच्या घरी किती म्हशी, बहीण कुठे दिली, बारावीला विषय कोणते होते, हे सगळं पहिल्या चढावर. मला तेव्हा धाप लागलेली असल्याने मी श्रोता होते.

संगमचट्टी ते अगोडा सहाएक किलोमीटर असेल, पण सगळी चढण. अगोडा सुमारे सव्वादोन हजार मीटरवर. आणि तिथे पोचल्यावर जे दिसलं त्याची कुणीच कल्पना दिली नव्हती. अख्ख्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं लालभडक. कुंकवाचा लाल नाही, बिटाचा. रामदाना कापणीला आला होता. आत्याने एक कणीस तळहातावर चोळलं, फुंकर मारली आणि म्हणाली, "अगं, हा तर राजगिरा!" एकादशीला ज्याचे लाडू आपण वाण्याकडून पाकिटातून आणतो, ते झाड मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. शेजारच्या तुकड्यात कोदा उभा होता. तो म्हणजे आपली नाचणी. आत्याने तीही ओळखली, आणि मग एखाद्या नातेवाइकाच्या गावी आल्यासारखी बांधाबांधाने फिरायला लागली.

त्याच फेरीत तिला अंगणाच्या कडेला दुर्वा दिसल्या. ताज्या, लुसलुशीत, हव्या तितक्या. भुला म्हणाला, "ये तो दूब है, आत्याजी. हर आंगन में है." साताऱ्याहून चार दिवस ओल्या पंचात सांभाळत, गाडीत रोज पाणी शिंपडत आणलेली जुडी तिच्या पिशवीत होती. मी हसू दाबलं. ती म्हणाली, "असू दे. माहेरची वेगळी."

रात्री भुलाच्या आईने चुलीपुढे बसवून वाढलं. कोद्याची भाकरी, तिच्यावर घरचं तूप, गहतची डाळ (आपले कुळीथ, पण त्या अख्खे शिजवून घोटतात), आणि झंगोऱ्याची खीर. झंगोरा आपल्या भगरीच्या जवळचा. कुळथाचं पिठलं कसं करायचं हे आत्याने मोडक्या हिंदीत आणि पूर्ण हातवाऱ्यांत सांगितलं. त्या बाईंना सगळं समजलं. मला, जिला दोन्ही भाषा येतात, मधेमधे संदर्भ लागत नव्हता.

दिवस तिसरा : बेबरा, मांझी

अगोड्यातून निघाल्यावर बेबरा थोड्याच अंतरावर आहे. तिथे चहा प्या, पाण्याच्या बाटल्या भरा, कारण पुढे चढ सुरू होतो आणि बराच वेळ संपत नाही. पण अख्खी वाट झाडीतून. बांज आणि मोरूची जुनी, शेवाळ पांघरलेली झाडं. दोन्ही ओकच्या जाती. मधेमधे बुरांस. तो एप्रिल-मेच्या सुमारास लाल फुलतो, आम्हाला त्याची नुसती चामड्यासारखी पानं बघायला मिळाली. फुलांसाठी जायचं असेल तर वसंतात जा, स्वच्छ हवेसाठी ऑक्टोबर. पावसाळ्यात जळवा आणि दरडी, त्यामुळे तेव्हा नकोच.

वळणांवर भुला जोरात शीळ घालायचा. मला वाटलं मजेत. मग कळलं, अस्वलासाठी. शरदात बांजाची फळं पिकून खाली पडतात आणि काळी अस्वलं ती खायला येतात. अस्वल अचानक समोर आलं तर बिथरतं, म्हणून आपण येतोय हे त्याला आधी कळवायचं. हे ऐकल्यावर आत्याने शीळ वाजवायचा प्रयत्न केला, जमली नाही, मग तिने दर वळणाला टाळ्या वाजवल्या. भजनाला बसल्यासारख्या, ठेक्यात. दुपारपर्यंत मीही टाळ्या वाजवत होते.

चालण्याबद्दल एक सांगते. मी झपाझप वीस मिनिटं चालायचे आणि दहा मिनिटं झाडाला टेकून उभी राहायचे. आत्या एका लयीत, बोलत, कधीही न थांबता. मी टेकलेली असताना ती मागून यायची, माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही, आणि पुढे जायची. तिसऱ्या वेळी मी तिच्या मागे लागले आणि तिच्या पावलावर पाऊल टाकायला सुरुवात केली. माझा उजव्या टाचेचा फोड तेवढा त्याने बरा झाला नाही. नवीन बूट. हो, तिला आधीपासून वापर म्हणून बजावणारी मीच.

मांझीला पोचलो तेव्हा चार वाजले होते. इथे छान्या आहेत, म्हणजे गावकऱ्यांचे उन्हाळी गोठे, दगड-लाकडाचे. ऑक्टोबरात गुरं खाली गावात गेलेली असतात. दारांना साखळ्या, आत शेणाचा सुका वास, आणि बाहेर कुरणावर कुणीही नाही. छानीच्या आडोशाला तंबू ठोकला. सूर्य डोंगराआड गेला आणि पाच मिनिटांत थंडीने दात वाजायला लागले. आत्याने पाचवारीखाली थर्मल घातलं होतं, वर स्वेटर, त्यावर शाल, त्यावर माझं जॅकेट. मी स्लीपिंग बॅगमध्ये शिरले आणि रात्रभर बाहेर काय चावतंय ते ऐकत राहिले. सकाळी कळलं, भुलाच्या ओळखीचं एक खेचर होतं.

दिवस चौथा : तळं

सकाळी उतारावर मोनाल दिसला. नर, अंगावर तेलाच्या तवंगासारखे रंग. आम्ही बघेपर्यंत तो शिट्टीसारखा ओरडत दरीत झेपावला.

मांझीपासून डोडीताल पाचेक किलोमीटर आणि वाट जवळजवळ सपाट. दोन दिवस घाम काढल्यावर ही वाट बक्षिसासारखी वाटते. देवदार दाट होत जातात, पाण्याचा आवाज अचानक जवळ येतो, आणि मग तो थांबतो. आवाज थांबला म्हणून मी वर पाहिलं. समोर तळं होतं.

मोठं नाही. काठाने रमतगमत फिरलात तरी तास लागणार नाही. तीन हजार मीटरच्या थोडं वर, चहूबाजूंनी जंगल उतरत पाण्यापर्यंत आलेलं. पाणी गडद हिरवं, काठाशी पारदर्शक. तळाशी बुडालेले ओंडके दिसतात आणि त्यांच्यावरून सावल्या सरकतात. त्या सावल्या म्हणजे मासे. ब्राऊन ट्राउट, मूळचे युरोपातले. इंग्रजांच्या काळात हिमालयातल्या थंड पाण्यांत आणून सोडले गेले. भुलाच्या मते डोडी म्हणजे हाच मासा, म्हणून डोडीताल. पुजाऱ्यांच्या मते मूळ नाव ढुंढीताल, ढुंढिराज गणपतीचं. काशीत ढुंढिराज आहे, मग उत्तरकाशीत का नसावा?

देऊळ काठावरच, लहानसं. आत गणपती एकटा नाही, आईबरोबर आहे. अन्नपूर्णा. पुजाऱ्यांनी कथा सांगितली : पार्वती इथे स्नानाला आली, पहाऱ्याला मुलगा घडवला, शंकर आले, त्याने अडवलं, पुढचं सगळ्यांना माहीत. आत्याने नीट ऐकलं आणि मग लेण्याद्री काढलं. पुजारीबुवांनी लेण्याद्री ऐकलं नव्हतं. मग त्यांनीच सांगितलं की केदारनाथच्या वाटेवर गौरीकुंडाचे लोकही हेच म्हणतात. तिथे सोनप्रयागजवळ मुंडकटिया गणेश आहे, ज्याला मस्तकच नाही. आता तीन जन्मस्थानं झाली. मला वाटलं आत्या वाद घालेल. ती म्हणाली, "आईला आठवत असेल. आपण कशाला बोला," आणि पिशवीतून दुर्वा काढल्या.

साताऱ्याची जुडी कडेला पिवळी पडली होती, आत हिरवी होती. तिने ती वाहिली, मग अगोड्याच्या अंगणातली वाहिली. आरती तिने मराठीत सुरू केली, पुजाऱ्यांनी त्यांची हिंदीत, भुला घंटा वाजवत होता. कुणीच कुणासाठी थांबलं नाही. सगळे साधारण एकदमच संपले.

शांततेबद्दल लिहायला हवं, कारण मी त्यासाठीच आले होते. ऑफिसमध्ये हेडफोन लावून जंगलाचे आवाज ऐकणाऱ्यांपैकी मी एक. इथे दुपारी काठावर बसले तेव्हा पहिली दहा मिनिटं फक्त माझ्याच कानातली शीळ ऐकू येत होती. मग एक मासा उडाला, डबकन. मग पलीकडच्या काठावर काटकी मोडली. मग ढाब्यावर आत्याचा आवाज : "भुला, तुमच्याकडे चाळणी आहे का, चाळणी? छलनी?"

दिवस पाचवा : दारवा आणि मोदक

तळ्याच्या पुढे दारवा खिंड, पाच किलोमीटर आणि हजारभर मीटर चढ. वरून बंदरपूंछ दिसतं, 6,316 मीटर. पलीकडे उतरत गेलं की वाट यमुनोत्रीकडच्या हनुमानचट्टीला निघते. आत्या म्हणाली, "तू जाऊन ये. मला काम आहे."

पहाटे पाचला भुला आणि मी निघालो. वाट ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर किती वेळा जाते याची मोजणी मी सोडून दिली. दगडांवर बर्फाचा पातळ काचेसारखा थर होता, काठी नसती तर मी दोनदा पाण्यात गेले असते. झाडं संपली, पिवळं गवत सुरू झालं, डोकं ठणकायला लागलं. साडेनऊला खिंडीत पोचलो आणि आमच्यासोबत ढगही पोचला. पाऊण तास बसलो. भुला बोटाने दाखवत होता, तिथे बंदरपूंछ, तिथे... मी पांढऱ्या भिंतीकडे बघून मान डोलावत होते. मग गारा सुरू झाल्या. हरभऱ्याएवढ्या. डोक्यावर पिठ्ठू, म्हणजे पाठीवरची पिशवी, धरून आम्ही उतरलो. दारव्याला जाणार असाल तर पहाटे चारला निघा. आम्हाला तासाचाच उशीर झाला.

दीडच्या सुमारास ढाब्यात शिरले तर आत युद्ध चालू होतं. आत्याने उत्तरकाशीचा नारळ फोडला होता. खवणी नाही, म्हणून ढाबेवाल्याने विळ्याने, त्यांच्या दरांतीने, खोबरं काढून दिलं होतं. तिने ते पाट्यावर वाटलं होतं. सारण झालं होतं, फक्कड. घोटाळा उकडीचा होता. इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी 90 अंशांच्या आसपासच उकळतं. भांड्यात पाणी खळखळतंय, पण पिठी शिजतच नाही. म्हणूनच डोंगरात डाळ-भाताला कुकर लागतो. हे मी तिला शास्त्र म्हणून सांगितलं. ती म्हणाली, "मग हे काल नाही का सांगायचं?"

तिने उकड दुसऱ्यांदा वाफवली, तुपाचा हात लावून मळली आणि पाऱ्या केल्या. त्या कडेला चिरत होत्या. चाळणी नव्हतीच, म्हणून पातेल्यावर फडकं बांधून त्यावर मोदक ठेवले आणि वर परात. साताऱ्यात बारा मिनिटं लागतात, इथे पस्तीस लागली. ढाबेवाला दर पाच मिनिटांनी लाकूड सरकवत होता आणि गंभीरपणे बघत होता. परात उचलली तेव्हा अकरा मोदकांपैकी दहांना तडे. सारण बाहेर येऊन फडक्यावर काळपट पाक झाला होता.

"ये तो मीठा मोमो है!" भुला म्हणाला.

आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की मी जागा बदलली. मग तिने एक फुटका उचलून त्याच्या हातात दिला. त्याने खाल्ला, दुसरा मागितला. धड राहिलेला एक ती ताटलीत घालून देवळात घेऊन गेली, गारांच्या कचकचाटातून, शाल डोक्यावर घेऊन, माझ्या दुखऱ्या टाचेला अजिबात न जुमानता मला मागे ओढत. पुजाऱ्यांनी नैवेद्य दाखवला. बाहेर तळ्यावर गारा पडत होत्या आणि सगळं पाणी पोह्यांसारखं फुललेलं दिसत होतं. मासे कुठे गेले असतील, आत्याने विचारलं. पुजारी म्हणाले, खाली, मधोमध, जिथे काही ऐकू येत नाही तिथे.

दिवस सहावा आणि सातवा : परत

परतीचा पहिला टप्पा थेट अगोड्यापर्यंत, सोळाएक किलोमीटर उतार. गुडघे बोलतात. इथे मात्र आत्या थकली. बेबऱ्याच्या अलीकडे ती एका दगडावर बसली आणि काही न बोलता पंधरा मिनिटं बसून राहिली. भुलाने तिची पिशवी घेतली, मी पाण्यात मीठ-साखर घातली. उठल्यावर तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, म्हणून कळलं की बरं वाटतंय. ज्येष्ठ कुणाला नेत असाल तर हा उतार दोन दिवसांत करा, आम्ही करायला हवा होता. अगोड्याहून खेचर मागवता येतं, तेही आधी सांगून ठेवलं तर.

अगोड्यात राजगिरा कापून झाला होता. लाल उतार तीन-चार दिवसांत तपकिरी झाला होता, छपरांवर कणसं वाळत होती. भुलाच्या आईने ओंजळभर दाणे पुडीत बांधून दिले. आत्याने उरलेली पिठी आणि गूळ तिथे ठेवला. कुळथाच्या पिठल्याची उजळणी झाली.

सातव्या दिवशी दुपारी उत्तरकाशीला मोबाइलला रेंज आली आणि मला एकशे चौदा मेसेज. आत्याला एकच फोन, शेजारच्या काकूंचा. मी जीपची जागा धरत होते, तिचं बोलणं अर्धवट ऐकू येत होतं. तळं, देऊळ, बर्फ, अस्वल यातलं काही कानावर पडेना. ती सांगत होती, "अगं नाही, पिठी चांगलीच होती. पाणीच उकळत नाही गं तिथलं धड. पुढच्या वेळी कुकर नेणार आहे."